जर्मनीत आजारी पडण्याआधी करायची कामे

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीसाठी आलेल्या माणसाचे पहिले काही आठवडे घर शोधणे, पत्त्याची नोंदणी आणि बँकेचे खाते यांत जातात आणि त्याच धावपळीत आरोग्यविम्याचा अर्जही भरला जातो. विद्यापीठ किंवा कंपनी मागते म्हणून तो भरायचा, कार्ड टपालाने आले की पाकिटात ठेवायचे आणि पहिला सणसणीत ताप येईपर्यंत त्याकडे पाहायचे नाही, असा बहुतेकांचा क्रम असतो. ताप आल्यावर मात्र अडचणी एकामागून एक समोर येतात. जवळचा दवाखाना नवीन रुग्ण घेत नाही, त्वचेच्या डॉक्टरची वेळ काही महिन्यांनंतरची मिळते, औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देत नाहीत आणि रविवारी तर सगळेच बंद असते. या देशात उपचार चांगले मिळतात आणि सामान्य पगारदाराला ते परवडतातही. परंतु इथल्या व्यवस्थेतले महत्त्वाचे निर्णय माणूस धडधाकट असतानाच कागदावर घेतले जातात आणि त्यांतले काही नंतर बदलता येत नाहीत. ते निर्णय कोणते आणि कसे घ्यावेत, हे इथे सविस्तर सांगायचे आहे. लेखातल्या विम्याच्या रकमा 2025 सालच्या आहेत. त्या दर जानेवारीत थोड्याफार बदलतात, त्यांमागचे नियम मात्र सहसा तेच राहतात.

विम्याचा अर्ज

1883 साली चॅन्सेलर बिस्मार्कच्या काळात जर्मनीत कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. त्यातून पुढे वाढलेल्या सार्वजनिक विम्याचे तत्त्व असे आहे की वर्गणी प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाच्या प्रमाणात भरायची आणि उपचार मात्र ज्याला जेवढे लागतील तेवढे मिळायचे. हा विमा चालवणाऱ्या संस्थांना क्रांकेनकासे म्हणतात. टेक्निकर, एओके, बार्मर अशा नव्वदहून अधिक संस्था आज आहेत आणि त्यांतली कोणतीही निवडता येते. कोणत्या उपचारांचा खर्च द्यायचा, हे मुख्यतः कायद्यानेच ठरलेले असल्यामुळे त्यांच्यात मोठा फरक नसतो. फरक असतो तो वर्गणीच्या लहानशा भागात, इंग्रजीतून मिळणाऱ्या सेवेत आणि काही जादा सवलतींत. म्हणून कोणती कासे घ्यावी यावर फार डोके शिणवू नये. ती पुढे बदलताही येते.

पगाराच्या चिठ्ठीवर ही वर्गणी दोन भागांत दिसते. मूळ दर सर्वत्र 14.6 टक्के आहे आणि त्यावर प्रत्येक कासेचा स्वतःचा जादा दर असतो, त्याची 2025 सालची ठरवलेली सरासरी 2.5 टक्के आहे. दोन्हींचा अर्धा भार मालक उचलतो. महिन्याला 4,000 युरो ढोबळ, म्हणजे कपातींआधीचा, पगार असलेल्या माणसाची एकूण वर्गणी अशा कासेत 684 युरो होते आणि त्यातले 342 युरो त्याच्या पगारातून कापले जातात. महिन्याला 5,512.50 युरोंच्या वरच्या पगारावर वर्गणी लागत नाही. वृद्धापकाळातील आणि अपंगत्वातील शुश्रूषेच्या विम्याची वेगळी कपात होते आणि मूल नसलेल्यांना ती 23 व्या वर्षानंतर थोडी जास्त लागते. ही रक्कम पाहून सुरुवातीला छातीत धस्स होते, हे खरे आहे. मात्र याच वर्गणीत नोकरी न करणारा जोडीदार आणि मुले यांचाही विमा वेगळे पैसे न भरता होतो, हे लक्षात घेतले की हिशेब निराळा दिसू लागतो. अट एवढीच की त्या जोडीदाराचे स्वतःचे उत्पन्न महिन्याला 535 युरोंच्या वर जाता कामा नये; मिनीजॉब, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंत पगाराची छोटी नोकरी, असेल तर ही मर्यादा 556 युरो आहे. आईवडिलांना मात्र या कौटुंबिक विम्यात घेता येत नाही, मग ते कितीही काळ सोबत राहोत.

दुसरी वाट खासगी विम्याची आहे. वर्षाचा ढोबळ पगार 73,800 युरोंच्या वर असेल, तर नोकरदार ती निवडू शकतो. तिथे हप्ता पगारावर ठरत नाही, तो वय, आधीचे आजार आणि निवडलेल्या सोयी यांवर ठरतो. तिशीतल्या धडधाकट आणि एकट्या इंजिनिअरला हा हप्ता सार्वजनिक वर्गणीपेक्षा बराच कमी पडतो, डॉक्टरची वेळही बहुधा लवकर मिळते आणि दलाल नेमक्या याच दोन गोष्टी रंगवून सांगतात. पुढे लग्न झाले की जोडीदाराचा वेगळा हप्ता, मूल झाले की त्याचा वेगळा, आणि वय वाढत जाते तसे हप्तेही वाढत जातात. परतायचे ठरवले तर पगार मर्यादेखाली यावा लागतो आणि वयाची 55 वर्षे उलटल्यावर ती वाट जवळजवळ बंदच होते. माझे मत स्पष्ट आहे: ज्याला इथे संसार थाटायचा आहे, त्याने दोन-तीनशे युरोंच्या मासिक बचतीसाठी खासगी विम्यात जाऊ नये, आणि जायचेच असेल तर दलालाच्या कोष्टकावर विसंबून न राहता म्हातारपणापर्यंतचा हिशेब मांडून मगच जावे. पहिल्याच नोकरीत ज्याचा पगार या मर्यादेच्या वर आहे, त्यालाही स्वेच्छेने सार्वजनिक विम्यात जाता येते. त्यासाठी नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. ही मुदत पुष्कळांना माहीत नसते आणि ती निघून जाते.

विद्यार्थ्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. वयाची तिशी पूर्ण होईपर्यंत विद्यार्थ्यांना सार्वजनिक विम्यात सवलतीचा दर मिळतो आणि शुश्रूषेच्या विम्यासह तो महिन्याला सुमारे 140 ते 150 युरो पडतो. व्हिसासाठी भारतातून घेतलेला प्रवास विमा हा त्याला पर्याय नाही. काही विद्यार्थी स्वस्त खासगी पॉलिसी पाहून सार्वजनिक विम्यातून सूट मागतात. ही सूट एकदा मिळाली की तो अभ्यासक्रम संपेपर्यंत मागे घेता येत नाही आणि त्या स्वस्त पॉलिसीत आधीपासूनचे आजार, मानसोपचार किंवा बाळंतपण वगळलेले असण्याची शक्यता मोठी असते. दरमहा शंभर युरो वाचवण्यासाठी घातलेली एक सही दोन-तीन वर्षे निस्तरावी लागते. काही वर्षे पुण्या-मुंबईत नोकरी करून तिशीनंतर मास्टर्सला येणाऱ्यांना हा विद्यार्थी दर मुळातच मिळत नाही आणि भाषेच्या वर्गासाठी आलेल्यांनाही तो लागू होत नाही. त्यांना खासगी विमाच घ्यावा लागतो. तेव्हा निदान त्यात काय वगळले आहे, ती पाने सही करण्याआधी एखाद्या जाणकाराकडून वाचून घ्यावीत.

फॅमिली डॉक्टर शोधून ठेवणे

आपल्याकडे गुडघा दुखला की माणूस हाडांच्या डॉक्टरकडे जातो, कान दुखला की कानाच्या, आणि फी रोख देऊन फाइल पिशवीत घालून घरी येतो. जर्मनीत बहुतेक तक्रारींची सुरुवात हाउसआर्ट्स्टकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे होते. तोच तपासतो, तोच रक्त घेतो, गरज वाटली तर तज्ज्ञाकडे जाण्याची चिठ्ठी देतो आणि तज्ज्ञांचे अहवाल त्याच्याकडेच परत येतात. स्त्रीरोगतज्ज्ञ, डोळ्यांचे, दातांचे आणि लहान मुलांचे डॉक्टर यांच्याकडे चिठ्ठीशिवाय जाता येते. इतर तज्ज्ञांकडे थेट जाण्यास कायद्याने मनाई नाही, पण चिठ्ठी नसलेल्या माणसाला वेळ मिळणे कठीण जाते आणि क्ष-किरण तपासणीसारख्या गोष्टी चिठ्ठीशिवाय होतच नाहीत.

अडचण अशी की अनेक शहरांत फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने भरलेले आहेत आणि दारावर नवीन रुग्ण घेत नसल्याची पाटी असते. म्हणून पत्त्याची नोंदणी झाली की लगेच, काहीही दुखत नसताना, घराजवळच्या दोन-चार दवाखान्यांत फोन करावा किंवा प्रत्यक्ष जावे. सार्वजनिक विम्याच्या डॉक्टरांच्या राज्यवार संघटना आहेत आणि त्यांच्या डॉक्टरशोधात अनेक ठिकाणी डॉक्टरला येणारी भाषाही निवडता येते. पहिली भेट तपासणीची म्हणून घेता येते: सार्वजनिक विमा असलेल्याला 18 ते 34 या वयात एकदा आणि 35 नंतर दर तीन वर्षांनी सर्वसाधारण तपासणी विनामूल्य मिळते. आपल्याकडे पॅकेज घेऊन होणाऱ्या संपूर्ण शरीर तपासणीइतकी ती विस्तृत नसते. ड जीवनसत्त्वाची पातळी, थायरॉइड अशा चाचण्या लक्षणे नसताना केवळ रुग्णाला हव्या म्हणून केल्या, तर त्यांचे पैसे बहुधा स्वतः भरावे लागतात. डॉक्टर तसे आधी सांगतात आणि कागदावर सही घेतात.

पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी दवाखान्यातला क्रम तपशिलाने सांगतो. आत शिरल्यावर आधी काउंटर लागतो. तिथल्या मदतनीस बाई विम्याचे कार्ड यंत्रात घालून वाचतात. कार्डाचे हे वाचन दर तिमाहीत एकदा व्हावेच लागते, म्हणून मार्चमध्ये दाखवलेले कार्ड एप्रिलमध्ये पुन्हा मागितले की गोंधळून जाऊ नये. मग एक लांबलचक छापील अर्ज हातात येतो. त्यात आधीची ऑपरेशने, चालू औषधे, ॲलर्जी, घरातल्या मधुमेह-हृदयविकाराचा इतिहास असे सगळे जर्मनमध्ये विचारलेले असते. ही माहिती घरी शांतपणे एका पानावर लिहून, औषधांची मूळ रासायनिक नावे आणि मात्रा यांसह, जर्मनमध्ये भाषांतर करून ठेवली असेल तर इथला अर्धा ताण कमी होतो. प्रतीक्षा कक्षात जाताना आत बसलेल्यांना उद्देशून नमस्कार करण्याची इथे रीत आहे. आपण 'गुटेन टाग' म्हटले की चार-दोन जण मान वर न करता उत्तर देतात आणि पुन्हा शांतता होते. डॉक्टरांजवळचा वेळ थोडा असतो, कधी दहा मिनिटांपेक्षाही कमी. मुख्य तक्रार पहिल्याच वाक्यात सांगावी. कधीपासून, किती, कशाने वाढते हे त्यापाठोपाठ यावे. आपल्या सवयीप्रमाणे आडून आडून, आधी किरकोळ तक्रारी आणि उठता उठता खरी तक्रार, असे केले तर खऱ्या तक्रारीला वेळच उरत नाही.

डॉक्टरांना बहुधा इंग्रजी येते. काउंटरवर मात्र ते येईलच असे नाही आणि दुभाष्याचा खर्च सार्वजनिक विमा सहसा देत नाही. जर्मन चांगली येणाऱ्या मित्राला सोबत न्यावे. इथे वाढलेल्या शाळकरी मुलाला आईच्या दुखण्याचा दुभाष्या करणे सोयीचे वाटते, पण ते टाळावे. आई मुलासमोर सगळे सांगत नाही आणि त्या वयाच्या मुलाने ते ओझे उचलू नये.

तज्ज्ञाची वेळ महिनोन्महिने मिळत नसेल, तर एक हक्काची सोय आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. फॅमिली डॉक्टरला काम तातडीचे वाटले, तर तो चिठ्ठीवर एक सांकेतिक क्रमांक देतो. तो क्रमांक 116117 या डॉक्टरांची वेळ मिळवून देणाऱ्या सेवेच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर दिला की तिने एका आठवड्याच्या आत चार आठवड्यांमधली वेळ सुचवायची असते. डॉक्टर आपला नसतो आणि दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला असू शकतो, पण वेळ मिळते. चिठ्ठी घेताना हा क्रमांक मिळेल का, असे नम्रपणे विचारावे. मागितल्याशिवाय तो दिला जाईलच असे नाही.

रात्री आणि रविवारी

दवाखाने बुधवारी आणि शुक्रवारी दुपारनंतर बहुधा बंद असतात, शनिवार-रविवार तर असतातच. अशा वेळी तीन वेगवेगळ्या वाटा आहेत आणि त्यांतली कोणती कधी धरायची, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे.

छातीत कळ, श्वास न मिळणे, तोंड वाकडे होणे किंवा हात-पाय अचानक लुळा पडणे, शुद्ध हरपणे, मोठा रक्तस्राव: अशा वेळी 112. हा आपत्कालीन फोन क्रमांक विनामूल्य आहे. रुग्णवाहिकेचा खर्च विमा देतो आणि रुग्णाला केवळ 5 ते 10 युरो भरावे लागतात, त्यामुळे पैशांच्या काळजीने टॅक्सी शोधत बसू नये. रुग्णवाहिकेतले प्रशिक्षित लोक वाटेतच उपचार सुरू करतात. पक्षाघात आणि हृदयविकारात तोच वेळ जीव वाचवतो.

सकाळपर्यंत थांबवत नाही पण जिवावरचेही नाही, अशा दुखण्यासाठी 116117. रात्री दहा वाजता चार वर्षांच्या मुलाचा कान ठणकतो आहे, ताप 39 अंश सेल्सियसच्या वर गेला आहे आणि ते रडायचे थांबत नाही, असे समजा. फोन लावला की पलीकडचा माणूस पिनकोड, वय, लक्षणे, कधीपासून आणि आधीचे आजार हे क्रमाने विचारतो आणि जवळच्या रुग्णालयातल्या मुलांच्या आपत्कालीन दवाखान्याचा पत्ता देतो. कधी कधी फोनवरच डॉक्टरशी बोलणे करून देतो. संभाषण बहुधा जर्मनमध्ये होते, म्हणून ही माहिती आधी कागदावर लिहून मगच फोन करावा.

तिसरी वाट थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जाण्याची. तिथे येण्याच्या क्रमाने बोलावत नाहीत. आल्यावर एक परिचारिका तपासते, दुखणे किती गंभीर आहे ते ठरवते आणि त्यानुसार रुग्णांना आत घेतात. मुरगळलेला पाय घेऊन चार तास बसलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत नंतर आलेले पाच जण आत जातात तेव्हा परदेशी म्हणून आपल्याला डावलले, असे त्याला वाटू लागते. असा अन्याय कधीच होत नाही असे मी म्हणणार नाही, पण या रांगेचे कारण जवळजवळ नेहमी तेच असते: त्या पाच जणांची अवस्था अधिक वाईट होती.

औषधे

औषधे फक्त अपोटेके नावाच्या औषधालयात मिळतात. साबण-शाम्पूच्या मोठ्या दुकानांत साधे पॅरासिटामॉलही नसते. औषधालयातही ते चिठ्ठीशिवाय 500 मिलिग्रॅमच्या 20 गोळ्यांपर्यंतच देतात. सार्वजनिक विमा असलेल्यांची चिठ्ठी 2024 पासून इलेक्ट्रॉनिक रूपात जाते आणि कार्डाने ती उघडते, त्यामुळे औषधालयात कार्ड दाखवले की पुरते. औषधाच्या किमतीच्या दहा टक्के, पण कमीत कमी 5 आणि जास्तीत जास्त 10 युरो रुग्णाला द्यावे लागतात. 18 वर्षांखालील मुलांना तेही नाहीत. रुग्णालयात दाखल झाल्यास दिवसाला 10 युरो आणि वर्षाला अधिकाधिक 28 दिवसांचेच. हे सगळे मिळून वर्षाच्या कौटुंबिक उत्पन्नाच्या 2 टक्क्यांवर जात असेल, दीर्घ आजार असेल तर 1 टक्क्यावर, तर वरचे पैसे परत मिळतात. त्यासाठी पावत्या जपून ठेवाव्यात. रात्री आणि सुट्टीला प्रत्येक भागात एक औषधालय पाळीने उघडे असते. त्याचा पत्ता बंद औषधालयांच्या दारावर लावलेला असतो आणि एका खिडकीतून 2.50 युरो जादा घेऊन औषध दिले जाते.

सर्दी-खोकला-तापात डॉक्टर विश्रांती, भरपूर पाणी आणि हर्बल चहा सांगून घरी पाठवतात, ही इथल्या मराठी मंडळींची सर्वांत मोठी तक्रार आहे. 'डॉक्टरने काहीच दिले नाही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्यामागची भावना मी हलकी लेखत नाही. इंजेक्शन किंवा निदान तीन रंगांच्या गोळ्या मिळाल्याशिवाय आपल्याकडे कोणी पाहिलेच नाही, असे वाटण्याची आपल्याला सवय आहे. पण विषाणूंमुळे येणाऱ्या तापावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही आणि विनाकारण दिल्यास ते पुढे खऱ्या गरजेला निकामी ठरू शकते. डॉक्टर त्यासाठी थांबतात. मात्र किती दिवसांत बरे वाटले नाही तर परत यायचे आणि कोणते लक्षण दिसले तर लगेच यायचे, हे उठण्यापूर्वी विचारून घ्यावे. ते विचारण्यात संकोच बाळगू नये.

भारतातून येताना स्वतःपुरती औषधे आणता येतात, साधारण तीन महिन्यांच्या गरजेइतकी. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक औषधांपैकी काहींना अमली पदार्थांचे नियम लागू होतात, म्हणून त्यांच्यासोबत डॉक्टरांचे पत्र असावे. नंतर मात्र घरच्यांना टपालाने औषधे पाठवायला सांगू नये: युरोपीय संघाबाहेरून खासगी व्यक्तीने टपालाने औषध मागवण्यास कायद्याने बंदी आहे आणि असे पार्सल सीमाशुल्क खाते अडवते. भारतीय डॉक्टरची चिठ्ठीही इथल्या औषधालयात चालत नाही. तीन महिने संपण्याच्या बऱ्याच आधी फॅमिली डॉक्टरला भेटून तीच औषधे इथे सुरू करून घ्यावीत.

आजारपणाची रजा

आजारी असल्याचे मालकाला त्याच दिवशी, काम सुरू होण्याआधी कळवावे लागते. तीन दिवसांहून अधिक रजा असेल तर चौथ्या दिवशी डॉक्टरांचे प्रमाणपत्र हवे, आणि कंपनी ते पहिल्या दिवसापासूनही मागू शकते. 2023 पासून सार्वजनिक विमा असलेल्यांचे प्रमाणपत्र कंपनी थेट कासेकडून मिळवते. त्यात आजाराचे नाव नसते. मालकाला केवळ तारखा कळतात. नोकरीला चार आठवडे पूर्ण झालेले असतील तर सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो आणि त्यानंतर कासे ढोबळ पगाराच्या 70 टक्के भत्ता देते, मात्र तो हाती येणाऱ्या पगाराच्या 90 टक्क्यांपेक्षा जास्त नसतो. नवीन नोकरीत छाप पडावी म्हणून अंगात ताप घेऊन कामावर जाणारे आपले तरुण मी पाहतो. त्यांनी हा हक्क निःशंकपणे वापरावा.

बाळंतपण आणि भेटीला आलेले आईवडील

गर्भारपणातल्या तपासण्या, रुग्णालयातले बाळंतपण आणि नंतरची सुईणीची सेवा यांचा खर्च सार्वजनिक विमा देतो. सुईण, म्हणजे हेबामे, ही इथल्या व्यवस्थेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे. बाळंतपणानंतर पहिले दहा दिवस ती गरजेनुसार रोज घरी येऊ शकते आणि नंतरही बारा आठवड्यांपर्यंत येत राहते. बाळाला खाटेवरच लहान झोळीत घालून वजन करते, बेंबी पाहते, आईचे टाके आणि स्तनपान यांकडे लक्ष देते, आणि रात्री अडीचला बाळ का रडते या प्रश्नालाही तितक्याच गांभीर्याने उत्तर देते. परदेशात माहेरपण नसलेल्या मुलीला या तासाभराच्या भेटीचा किती आधार वाटतो, हे ज्यांनी अनुभवले त्यांनाच कळेल. मात्र सुईणींची संख्या अपुरी आहे. गर्भ राहिल्याचे कळले की त्याच महिन्यात शोध सुरू करावा. सहाव्या महिन्यात शोधणारीला बहुधा कोणी मिळत नाही.

याच निमित्ताने अनेकांच्या आई किंवा सासूबाई तीन महिन्यांसाठी येतात आणि इथे सगळ्यांत मोठी चूक होते. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचे संरक्षण असलेला प्रवास विमा लागतो, म्हणून सर्वांत स्वस्त पॉलिसी घेतली जाते. तिच्यात आधीपासूनच्या रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांच्याशी संबंधित उपचार बहुधा वगळलेले असतात, किंवा जीव वाचवण्यापुरतेच दिलेले असतात. पासष्टीच्या माणसाला परदेशात नेमके हेच आजार गाठतात. रुग्णालय आणीबाणीत उपचार नाकारत नाही, पण दाखल होऊन दोन-चार दिवस काढले की हजारो युरोंचे बिल मुलाच्या पत्त्यावर येते. पॉलिसी घेताना आधीचे आजार अर्जात प्रामाणिकपणे लिहावेत आणि ते किती रकमेपर्यंत धरले आहेत हे लेखी विचारावे. ते लपवले तर दावा फेटाळण्याचे कारण आपणच पुरवतो. विमा कंपनीचा मदत क्रमांक आईच्या पर्समध्ये आणि आपल्या फोनमध्ये असावा. दाखल करण्याची वेळ आलीच, तर शक्य तितक्या लवकर त्यांना कळवावे, कारण न कळवल्यामुळेही पैसे अडतात. संपूर्ण मुक्कामाची औषधे, त्यांची रासायनिक नावे लिहिलेले डॉक्टरांचे पत्र आणि ताजा ईसीजी त्यांच्या हातसामानात असू द्यावा. चेक-इनचे सामान हरवते तेव्हा गोळ्याही त्यासोबत जातात.

लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांनी लसीकरणाचे कार्ड न विसरता आणावे. पाळणाघर आणि शाळेत गोवरच्या लसीचा पुरावा 2020 पासून सक्तीचा आहे. बीसीजीची लस इथे आता देत नाहीत, त्यामुळे दंडावरच्या खुणेबद्दल डॉक्टरांनी विचारले तर ती कशाची आहे हे आपणहून सांगावे.

मनाचे दुखणे

हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडू लागतो, परीक्षेचे दडपण असते, घरच्यांना काही सांगता येत नाही आणि कर्जाचा हप्ता चालू असतो. या काळात कितीतरी विद्यार्थी आतल्या आत खचतात. मानसोपचारतज्ज्ञाबरोबरची पहिली सल्लाभेट सार्वजनिक विम्यात येते, तिला चिठ्ठी लागत नाही आणि तीही 116117 मार्फत मिळवता येते. प्रत्यक्ष उपचारांसाठी मात्र अनेक महिने थांबावे लागते. तोपर्यंत विद्यापीठांतल्या विद्यार्थी सेवा संस्थांचे समुपदेशन विनामूल्य मिळते आणि पुष्कळ ठिकाणी ते इंग्रजीतून असते. जीव नकोसा होण्यापर्यंत वेळ आली असेल, तर ती 112 ची किंवा मनोरुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाची वेळ आहे. तिथे वाट पाहायला लावत नाहीत. डॉक्टरांवर गोपनीयतेचे कडक बंधन असते आणि यातले काहीही ते विद्यापीठाला, कंपनीला किंवा भारतातल्या घरी कळवू शकत नाहीत.

नोंदी

इथे अहवाल रुग्णाच्या पिशवीत नसतात, ते दवाखान्यांच्या संगणकांत राहतात. 2025 पासून सार्वजनिक विमा असलेल्यांसाठी, त्यांनी नकार दिला नसेल तर, इलेक्ट्रॉनिक रुग्णनोंद आपोआप उघडली गेली आहे आणि ती कासेच्या ॲपमधून पाहता येते. तरीही शहर बदलताना किंवा भारतात परतताना प्रत्येक दवाखान्याकडून आपल्या नोंदींची प्रत मागून घ्यावी. पहिली प्रत विनामूल्य मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. क्ष-किरण आणि एमआरआयच्या चित्रांची सीडी वेगळी मागावी, कारण पाठवलेल्या अहवालात केवळ मजकूर असतो. परतीच्या तिकिटाच्या निदान एक महिना आधी हे काम सुरू करावे, म्हणजे दवाखान्यांच्या सुट्ट्यांमध्ये ते अडकणार नाही. पत्त्याची नोंदणी रद्द केल्याचा कागद कासेला पाठवायला विसरू नये. तो पोचला नाही, तर वर्गणीची मागणी पुढेही चालू राहते आणि जुन्या पत्त्यावर साचत गेलेली ती पत्रे पुन्हा कधी जर्मनीत यायचे ठरले की थकबाकी म्हणून समोर येतात.